मुखत्यारपत्र : ते केव्हा चालते आणि केव्हा संपते

हिंगणा तालुक्यातील कित्येक घरांत आज केवळ वृद्ध आईवडीलच राहतात. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत आयुष्य वेचून त्यांनी मुलांना शिकविले आणि मुले पुण्यात, बंगळूरात किंवा परदेशात स्थिरावली. मुलांचा आग्रह असतो की, "आमच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा, म्हणजे पुढे अडचण येणार नाही." अमेरिकेतून येणारा सल्ला तर 'ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी'चा, म्हणजे लिहून देणाराची शुद्ध हरपल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा असतो. या सल्ल्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. तो वेळीच दूर व्हावा म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००७ पासून असे टिकाऊ मुखत्यारपत्र रीतसर नोंदविता येते. भारतात मात्र मुखत्यारपत्राला १८७२ चा करार कायदा लागू होतो. त्याच्या कलम २०१ नुसार लिहून देणार मरण पावला किंवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. "माझी शुद्ध हरपली तरी हे पत्र चालू राहील" असे वाक्य दस्तात घातल्याने ही अडचण दूर होत नाही. कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे, परंतु तो मुखत्याराचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तेव्हाचा. मुलाची माया त्यात मोडत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. लकव्याने हातपाय गेले, पण समज शाबूत आहे, अशा व्यक्तीचे मुखत्यारपत्र चालूच राहते. स्मृतिभ्रंश बळावला किंवा मेंदूच्या आघाताने बेशुद्धी आली, तर ते संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. पुष्कळ कुटुंबांना हे बँकेच्या खिडकीपाशी प्रथमच कळते, ही खेदाची गोष्ट आहे.

मग अशा वेळी उपाय कोणता? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णाच्या नातलगांना उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच अवस्थेतील एका रुग्णाच्या पत्नीला पालक नेमले. हिंगण्याच्या रहिवाशांसाठी असा अर्ज नागपूर खंडपीठापुढे येतो. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, इतर वारसांची संमती हे सारे जुळवीपर्यंत दवाखान्याचे बिल थांबत नाही.

म्हणून काही गोष्टी शुद्धीत असतानाच कराव्यात. बँकेचे खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने संयुक्त करावे. मात्र दुसरा खातेदार सर्व रक्कम काढू शकतो, हे जाणूनच नाव जोडावे. मनोविकाराच्या उपचारांपुरता आपला प्रतिनिधी २०१७ च्या कायद्याखाली साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. मालमत्तेशी त्याचा संबंध नाही. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे सांगणारे वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीतही सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. आपल्या वतीने बोलणाऱ्या आप्तांची नावे त्यात लिहितात. हे श्रद्धेला धरून आहे का, असे काही वाचक विचारतील. निष्फळ व अतिकष्टदायक उपचार नाकारणे आणि मरण घडवून आणणे यांत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट भेद करते; पहिल्यास तिची मनाई नाही.

एवढे सांगितल्यावरही मुखत्यारपत्र निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या, पण समज शाबूत असलेल्या ज्येष्ठांना, तसेच परदेशी असलेल्या मुलांना त्याचा मोठा उपयोग आहे. कामे मोघम न लिहिता एकेक करून लिहावीत : अमुक बँकेतील अमुक खाते, अमुक गटाच्या सातबाऱ्यावरील फेरफार, घरभाडे वसूल करणे. मुखत्याराने आपल्या वतीने दस्त नोंदणीसाठी हजर करावयाचा असेल, तर नोटरीची सही पुरत नाही. आपण राहतो त्या हद्दीतील दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून प्रमाणित करावे लागते. आजारपणामुळे कचेरीत जाणे धोक्याचे असेल, तर निबंधकाने घरी यावे असा अर्ज करता येतो. परदेशात केलेले पत्र तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. नातलग नसलेल्यास स्थावर विकण्याचा अधिकार दिल्यास खरेदीखताइतके शुल्क लागू शकते, हे आधी विचारून घ्यावे.

मुखत्यारपत्राच्या आधारे प्लॉट 'विकत' घेणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑक्टोबर २०११ चा निकाल विसरू नये. अशा कागदाने मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

विश्वास उडाल्यास मुखत्यारपत्र रद्द करता येते. पण मुखत्याराला व बाहेरच्या लोकांना ते कळेपर्यंत रद्द केल्याचा परिणाम त्यांच्यावर होत नाही. म्हणून रद्दपत्राची प्रत मुखत्याराला पोचपावतीच्या टपालाने पाठवावी आणि बँक, तलाठी, दुय्यम निबंधक, जेथे जेथे मूळ पत्र दाखविले गेले तेथे तेथे लेखी कळवून पोच घ्यावी.