नॅसवरील शेअर फोल्डर : परमिशनचे दोष व त्यांचा शोध

नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावरचा (नॅस) सामायिक फोल्डर हक्काच्या माणसाला उघडता, वाचता किंवा बदलता न येणे, अथवा ज्याला हक्क नाही त्याला ते सारे जमणे, हे या दोषांचे स्वरूप. पहिल्या प्रकारची तक्रार पाच मिनिटांत येते. दुसऱ्या प्रकारची बहुधा कोणी करतच नाही.

घरगुती व छोट्या कार्यालयांतील बहुतेक नॅसमध्ये लिनक्स चालते आणि विंडोज संगणकांशी त्याची देवाणघेवाण सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमार्फत होते. त्यामागचा एसएमबी प्रोटोकॉल १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये युनिक्ससाठी जो फाइल सर्व्हर लिहिला, त्यातून पुढे सांबा आले. युनिक्सचा मूळ हिशेब मालक, ग्रुप आणि इतर असा तिघांचा. विंडोजमध्ये मात्र फाइलला युजरांची व ग्रुपांची लांबलचक यादी (एसीएल) जोडता येते. या दोन पद्धतींत सांबा दुभाष्याचे काम करते, आणि बरेच घोटाळे तिथेच होतात.

विनंती तीन ठिकाणी तपासली जाते : युजरनेम-पासवर्ड, शेअरची परमिशन आणि डिस्कवरील फोल्डर-फाइलची परमिशन. शेवटच्या दोहोंत जी कडक, ती लागू. म्हणून शेअरवर ‘रीड-राइट’ दिलेले असूनही आतला फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. एसीएलमध्ये ‘डिनाय’ सहसा ‘अलाऊ’च्या आधी पाहिले जाते, एखाद्या जुन्या ग्रुपवर राहून गेलेले ‘डिनाय’ सगळी मेहनत वाया घालवते.

कुठे अडले हे लक्षणावरून बरेचसे कळते. पासवर्ड पुन्हापुन्हा विचारला जात असेल तर अडचण ओळख पटण्याची, म्हणजे युजरनेम-पासवर्डची. तिथे फोल्डरची परमिशन बदलून उपयोग नाही. फाइलींची नावे दिसतात पण एकही उघडत नाही, तर बहुधा फोल्डरवर वाचनाचा हक्क आहे, ‘एक्झिक्यूट’चा नाही, युनिक्समध्ये फोल्डरच्या आत शिरण्यासाठी तोच लागतो, आणि वरच्या प्रत्येक फोल्डरवर लागतो.

वर्डचे उदाहरण बोलके आहे. फाइलवर लिहिण्याचा हक्क असूनही ‘सेव्ह’ होत नाही, कारण वर्ड सहसा आधी तात्पुरती फाइल तयार करते, मजकूर तिच्यात लिहिते आणि मग तिला मूळ नाव देते. त्यासाठी फोल्डरमध्ये फाइल बनवण्याचा व पुसण्याचा हक्क हवा. युनिक्समध्ये हे हक्क फाइलवर नव्हे, फोल्डरवर ठरतात. शिवाय अशी फाइल नवीच असल्याने तिचा मालक शेवटी सेव्ह करणारा होऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा सहकारी अडकतो. यावर २७७० ही परमिशन कामाची : मालकाला व ग्रुपला सर्व हक्क, इतरांना काही नाही, आणि सुरुवातीच्या २ मुळे नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपमध्ये जाते. मात्र त्या फाइलवर ग्रुपला लिहिता यावे म्हणून सांबाचे ‘क्रिएट मास्क’ हे सेटिंगही त्याप्रमाणे ठेवावे लागते.

काही वेळा दोष नॅसचा नसतोच. विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन वेगळ्या युजरनेमांनी जोडू देत नाही. १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ची आज्ञा दिली की चालू जोडण्या दिसतात, त्यांतली जुनी काढून टाकावी. ग्रुपमध्ये नव्याने घातलेल्या युजरलाही लॉग-ऑफ करून पुन्हा यावे लागते, आणि नेमके हेच सांगायचे राहते.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील छिद्रातून जगभर शिरकाव केला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबीची ही पहिली आवृत्ती आपोआप बसवली जात नाही. नव्या नॅसमध्येही ती सहसा बंद असते. जुन्या झेरॉक्स मशीनला मात्र ‘स्कॅन टू फोल्डर’साठी तेवढीच येते. स्कॅन बंद पडले की खापर परमिशनवर फुटते. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून जोडणेही मूळ सेटिंगमध्ये चालत नाही.

लिनक्स संगणक एनएफएस या फाइल सामायिक करण्याच्या दुसऱ्या प्रोटोकॉलने जोडल्यास वेगळा पेच पडतो. नेहमीच्या मांडणीत तेथे नावाऐवजी क्रमांक पाहिला जातो. दोन लॅपटॉपवरील दोन वेगळ्या व्यक्तींचा क्रमांक १००० असेल, तर नॅसच्या लेखी त्या एकच. याच मांडणीत विनंतीबरोबर १६ हून अधिक ग्रुप जात नाहीत. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारा हक्क कसलाही संदेश न देता गळतो.

वैतागून सर्वांना सर्व हक्क, म्हणजे ७७७, देण्याची चाल सर्रास आहे. घटकाभराच्या चाचणीपुरती ती ठीक : तरीही अडले तर कारण शेअरमध्ये, वरच्या फोल्डरमध्ये किंवा ओळखीत आहे. चाचणी संपताच ती मागे घ्यावी. पगारपत्रकाच्या फोल्डरवर ती करूच नये. तिथे नवा चाचणी-युजर तयार करून त्याच्या नावाने एकेक पायरी तपासावी.