मातीतले नाणे

जमिनीत पुरलेल्या धनाचे वेड आपल्या समाजात फार जुने आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू; त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमीच्या पोटातले हंडे दिसू लागतात, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्या हंड्यावर नाग बसलेला असावयाचा, हंडा कधी कधी जागा बदलावयाचा, आणि अमावास्येच्या रात्री खणणाऱ्याच्या हाती बहुधा कोळसेच यावयाचे. आज पायाळूची जागा एका यंत्राने घेतली आहे. एक हलकी काठी, काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे बसवलेली थाळी आणि कानाला ध्वनियंत्र, एवढाच त्याचा संभार. इंग्लंड-अमेरिकेत बागांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून आणि नांगरलेल्या शेतांतून ही काठी फिरवीत हिंडणारे हजारो हौशी लोक आहेत. हे धातुशोधक यंत्र आता आपल्याकडेही कोणालाही विकत मिळते. म्हणून भूमिगत धनाचा प्रश्न केवळ आजीच्या गोष्टींतला राहिलेला नाही. सार्वजनिक बागेच्या हिरवळीखालून कोणी एक जुने नाणे वर काढले, तर ते नाणे कोणाचे? आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, नाणे सापडले याचा अर्थ नेमके काय सापडले?

या यंत्राची जन्मकथा धनलोभाची नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 1881 च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत्प्रवाहावर चालणारे एक उपकरण आणले. अध्यक्षांच्या बिछान्यातील पोलादी तारांनी त्या उपकरणाला चकविले. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरात गारफील्ड मरण पावले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधण्याचे सुटसुटीत यंत्र तयार केले, आणि 1942 साली एल् अलामीनच्या लढाईत वाळवंटातील सुरुंगांतून वाट काढण्यास ते उपयोगी पडले. युद्ध संपल्यावर असली यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. जे यंत्र जीव वाचविण्यासाठी निघाले, ते नाणी शोधू लागले.

त्याचे तत्त्व सोपे आहे. वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यातही प्रवाहाचे भोवरे उठतात, आणि तो फेरफार कानाला आवाजाच्या रूपाने कळतो. परंतु यंत्राला एवढेच कळते की खाली धातू आहे. तो धातू कोणत्या थरात पडला आहे, शेजारी राख आहे की खापर आहे, ज्या मडक्यात तो ठेवला होता त्याचे तोंड वर होते की खाली, यांतले काहीही त्याला कळत नाही. इतिहासकाराला मात्र नेमके हेच जाणून घ्यावयाचे असते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. नाणी 13,000 हून अधिक होती, आणि ती सारी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा, आणि नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील अक्षरे. पण खरी मौज पुढेच आहे. यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाने आपला ठसा पुन्हा मारला होता. तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी-चिन्ह ही सातवाहनांची खूण, आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे! शत्रूची चांदी वितळवण्याची खटपट न करता तिच्यावरच आपली मोहर उठवावयाची, म्हणजे खर्चही वाचतो आणि प्रत्येक वाण्या-उदम्याच्या हाती राज्य बदलल्याची वार्ताही आपोआप पोहोचते.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. क्षहरातांच्या वंशाचा आपल्या पुत्राने निःशेष उच्छेद केला असे ती माउली त्यात अभिमानाने सांगते. आईने मुलाचे कौतुक करावे यात नवल नाही. म्हणून एखाद्या संशयी वाचकाने त्या लेखाला अतिशयोक्ती म्हटले असते, तर त्याला दोष देता आला नसता. पण जोगलटेंभीच्या मडक्याने त्या आईची साक्ष खरी ठरविली. शिवाय या साठ्यात नहपानानंतरच्या एखाद्या क्षत्रपाची नाणी मिळाली नाहीत. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये तिसरा कोणी आला नाही, या अनुमानाला त्यामुळे बळ आले. या नाण्यांवरील मुखवटे परस्परांपासून इतके भिन्न आहेत की, हे सारे एकाच पुरुषाचे चेहरे असतील काय, असा प्रश्नही पहिल्या अभ्यासकांना पडला. हजारो नाणी शेजारी शेजारी मांडता आली म्हणूनच तो प्रश्न निघाला.

आता क्षणभर अशी कल्पना करा की, ही नाणी एकत्र सापडली नाहीत. दहाजणांनी दहा रात्री ती उकरली, खिशात घातली आणि निरनिराळ्या पेठांतील सराफांना विकली. काही सोनाराच्या मुशीत गेली, काही संग्राहकांच्या पेट्यांत. नाणी तीच, चांदी तेवढीच, वजनात गुंजभरही फरक नाही. पण नऊ हजारांवर ठसा होता आणि बाकीच्यांवर नव्हता, हे प्रमाण गेले. तिसऱ्या राजाचे नाणे नव्हते, हा पुरावा गेला. ती गोदाकाठच्या कोणत्या गावी पुरली होती, हेही गेले. उरले काय? एकेक सुटे नाणे; आणि सुटे नाणे म्हणजे पोथीतून फाडलेले पान. त्यावरची अक्षरे वाचता येतात, पण कथा लागत नाही.

इंग्लंडने हा धडा दोन प्रकारे घेतला, एकदा ठेच लागून आणि एकदा सद्बुद्धीने. सरे परगण्यात वॉनबरो येथे एका प्राचीन मंदिराची जागा आहे. 1980 नंतरच्या दशकात यंत्रे घेतलेल्या लोकांनी रात्री-अपरात्री ती जागा उकरून हजारो नाणी पळविली. जुना कायदा इतका लंगडा होता की गुन्हेगारांना धडशी शिक्षाही होईना. या प्रकरणाने लोकमत जागे झाले आणि पुढे 1996 चा निधिविषयक कायदा झाला. उलट, 1992 च्या नोव्हेंबरात सफक परगण्यातील हॉक्सन येथे एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधून द्यावा म्हणून त्याचा एक मित्र, निवृत्त माळी, यंत्र घेऊन शेतात गेला. हातोड्याऐवजी रोमन नाणी व चांदीचे चमचे वर येऊ लागले. त्या गृहस्थाने मोह आवरला, खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांना कळविले. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी येऊन सारे रीतसर उकलले. 14,865 नाणी आणि सुमारे 200 सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. लाकडी पेटी कुजून गेली होती. तरी तिच्यात कोणती वस्तू कोठे व कशी रचली होती हे मातीत शाबूत राहिले होते, आणि शेवटची नाणी 407–408 सालची असल्यामुळे निधी त्यानंतर पुरला गेला हे ठरले. ब्रिटनवरचा रोमन अंमल ढासळत असताना कोणा श्रीमंत घराण्याने तो भीतीने पुरला असावा. शोधणाऱ्याला 17,50,000 पौंडांचे पारितोषिक मिळाले आणि ते त्याने शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडाही नंतर सापडला. तो निधीबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेला! यंत्र दोन्ही ठिकाणी एकच होते. फरक होता तो यंत्र धरणाऱ्या हातात.

आपल्याकडेही या बाबतीत कायदा नाही असे नाही. 1878 च्या निधी-अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास काय सापडले, कोठे व केव्हा, हे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. धन बेवारशी ठरले आणि आपसांत निराळा करार नसला तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळते. सरकारला ते हवे असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. लपविणाऱ्याचा मात्र वाटाही जातो आणि त्याला शिक्षाही होते. 1958 च्या कायद्याने संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याविना खणण्यास बंदी आहे, आणि 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू खाजगी रीतीने परदेशी नेता येत नाहीत. पण हंडा सापडला तर गावभर कुजबुज होऊन निदान कोणाला कळते तरी. एकटे नाणे मुकाट्याने खिशात जाते. कायद्याचा हात तेथे क्वचितच पोहोचतो. तेथे पोहोचते ती केवळ नागरिकाची समज.

सार्वजनिक बागेचा प्रश्न नाजूक आहे तो याचसाठी. बाग म्हणजे मोकळी जागा, तिच्याखाली काही नसावयाचे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः शहरात घरे व दुकाने यांच्या पायाभरणीतून जी जमीन वाचली ती बहुधा बागांची आणि मैदानांचीच. पुण्याचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. आज त्याच्या तटाच्या आत हिरवळ आहे. सारसबाग ज्या जागी आहे तेथे पेशव्यांचा तलाव होता. तळ्यातला गणपती हे नाव त्याची आठवण देते. मुलांनी पळावे, वृद्धांनी विसावावे अशा या जागांच्या खाली आपल्या पूर्वजांचे दप्तर अजून न उघडता पडलेले असू शकते. यंत्राचा आवाका फार तर वीतभर, दीड वीत. त्या वीतभर मातीत माळ्याची कुदळ अनेकदा फिरली असेल, वस्तू जागच्या हलल्या असतील, म्हणून तेथे खणल्याने काही बिघडत नाही, असा युक्तिवाद हौशी लोक करतात. त्यात थोडे तथ्य आहे. तथापि हललेल्या नाण्याचेही ठिकाण नोंदविले तर ते काही सांगते. न नोंदविलेले नाणे काहीच सांगत नाही. आणि कुदळीचा हात वीतभर माती ओलांडून खाली गेला, की मग न हललेला थरही कायमचा मोडतो. तो पुन्हा रचण्याची विद्या अजून कोणाजवळ नाही.

म्हणून कोणाही नागरिकाला, पाया खणताना असो की बागेत फिरताना असो, जुने नाणे दिसले तर त्याने करावयाचे ते थोडेच आहे. पुढे उकरू नये. नाणे घासून-पुसून चकचकीत करू नये, कारण त्यावरील गंजाची पुटे हाही पुरावाच असतो. जागा नीट लक्षात ठेवावी, लिहून ठेवावी, आणि कलेक्टर कचेरीस अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. यात कष्ट नाहीत, खर्च नाही. सोडावा लागतो तो फक्त खिशात घालण्याचा मोह.

पायाळूच्या गोष्टीत धनावर नाग बसलेला असे, आणि अधिकाऱ्यावाचून तो कोणालाही हंड्याला हात लावू देत नसे. त्या नागाला आपण आज हसतो. परंतु नाग गेला तरी राखणीचे काम उरलेच आहे, आणि ते आता आपल्याकडे आले आहे. सार्वजनिक जमिनीतले नाणे कोणाचे, असा प्रश्न आरंभी केला होता. ज्याच्या हाताला ते लागले त्याचे ते नव्हे. बलश्रीची साक्ष अठराशे वर्षांनी ज्यांना ऐकू आली आणि यापुढेही ज्यांना ऐकू यावयाची आहे, त्या सर्वांचे ते आहे.