लंडनचे धुके आणि प्राणवायूची मात्रा

लंडन नगरीला धुके नवे नव्हते. किंबहुना तिच्या शोभेचेच ते एक अंग मानण्याची चाल पडून गेली होती. म्हणूनच ५ डिसेंबर १९५२ रोजी, शुक्रवारी, जे धुके उतरले त्याचे प्रथम कोणालाच विशेष वाटले नाही. थंडी कडाक्याची, घरोघर कोळसा पेटलेला, वारा अगदी पडलेला. वर उबदार हवा व खाली गार हवा, अशी उलटी रचना होऊन शहरावर जणू झाकणच बसले व धूर खाली कोंडला. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तो इतका शिरला की चालू ऑपेरा अर्धवट थांबवावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली गुरे गुदमरून मेली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा गवगवा केला. माणसे मात्र घरच्या घरी, मुकाट्याने मरत होती.

ही माणसे कोण? बहुतेक वयोवृद्ध, वर्षानुवर्षे खोकल्याने पिडलेली, फुप्फुसे आधीच जीर्ण झालेली. आपल्याकडे चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या आजीबाईंची धाप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगावयास नको. अशा रुग्णास रात्री खाट मिळवून द्यावी म्हणून लंडनमध्ये १९३८ पासून एक तातडीची खाटसेवा होती. डॉक्टराने तेथे दूरध्वनी करावा आणि सेवेने एकामागून एक रुग्णालयांना विचारीत जावे, अशी ही साधी पण मोलाची व्यवस्था. त्या पाच दिवसांत श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी आलेल्या मागण्या दुपटीहून अधिक वाढल्या. खाट मिळाली तरी तेथवर जावे कसे? रुग्णवाहिकेपुढे माणसाने दिवा घेऊन चालावे, तेव्हा ती पुढे सरके.

मृत्यूंचा आकडा आधी सुमारे ४,००० धरला गेला. पुढील महिन्यांतील जादा मृत्यू सरकारी अहवालाने इन्फ्ल्यूएंझाच्या माथी मारले. २००१ साली दोघा संशोधकांनी तो हिशेब पुन्हा तपासून एकूण संख्या १२,००० च्या आसपास असल्याचे दाखविले. सरकारची ती इन्फ्ल्यूएंझाची सबब आम्हांला सोयीची वाटते, खरी नव्हे. हवा शुद्ध राखण्याचा कायदा १९५६ मध्ये झाला, हे सर्वश्रुतच आहे.

आम्हांला अधिक सांगावयाचे आहे ते रुग्णालयाच्या दारातील एका कोड्याविषयी. गुदमरणाऱ्यास प्राणवायू द्यावा, तोही भरपूर द्यावा, यात शंका ती कसली? परंतु दीर्घकाळच्या फुप्फुसविकाराचे काही रुग्ण असा प्राणवायू मिळताच प्रथम गुलाबी दिसत, मग गुंगीत जात, आणि कित्येकदा परत शुद्धीवर येत नसत. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असे. न द्यावा तर मृत्यू, द्यावा तर मृत्यू!

या पेचातून वाट काढली ती डॉ. मोरन कॅम्बेल यांनी, १९६० साली. अठराव्या शतकातील इटालियन पदार्थवैज्ञानिक व्हेंच्युरी यांच्या नावाचे तत्त्व त्यांनी मुखवट्यात बसविले. बारीक छिद्रातून वेगाने येणारा प्राणवायू बाहेरची हवा ठरावीक प्रमाणात आत ओढतो, आणि रुग्णास मिळणारे मिश्रण ठरलेल्या मात्रेचेच राहते. युक्ती दिसावयास किरकोळ. पण तिने ‘भरपूर’ या शब्दाच्या जागी ‘मोजून’ हा शब्द आणला.

हा शब्द रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचावयास मात्र पन्नास वर्षे लागली. टास्मानियात ४०५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सरसकट भरपूर प्राणवायू मिळालेल्यांपैकी शेकडा ९ दगावले, मोजून मिळालेल्यांपैकी शेकडा ४. अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता शेकडा ८८ ते ९२ एवढीच ठेवावी, असा दंडक आता आहे. ज्यांना हा धोका पूर्वी एकदा होऊन गेला, त्यांच्याजवळ ब्रिटनमध्ये एक छोटे कार्ड देतात. दारात रुग्णवाहिका उभी राहिली की रुग्णाने, किंवा त्याला बोलवत नसेल तर घरच्यांनी, ते आधी पुढे करावयाचे असते.