पोलादी पुलाचा जोड ‘थकतो’ म्हणजे काय?

तार एकाच जागी वाकवत राहिलं की फार जोर न लावताही तुटते. पोलादी पुलाच्या वेल्डिंगचंही तसंच. एकदा वजन पेललं म्हणून जोड पक्का ठरत नाही; वजन किती आणि किती वेळा, दोन्ही मोजावं लागतं.

ग्वाल्हेरवरून जाणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता जिथे संपतो, त्या मुंबईत 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं. समुद्रावरच्या त्याच्या लांब गाळ्यांना (सर्वांत लांब 180 मीटर) पोलादी डेक आहे. अशा डेकमध्ये जाड पत्र्याला खालून लांब पन्हळी वेल्ड करतात. बंद पन्हळीच्या आत हात पोचत नाही, म्हणून वेल्डिंग सहसा बाहेरूनच होतं. आतून सुरू झालेली भेग पत्र्यात वर चढली, तर वर डांबर, खाली पन्हळ. डोळ्यांना दिसणार कशी? त्यासाठी अल्ट्रासोनिक तपासणी लागते. ब्रिटनच्या 1966 च्या सेव्हर्न पुलाच्या डेकमध्ये 1970 च्या दशकातच वेल्डिंगला तडे सापडले होते.

हिशेब मात्र कागदावरच सुरू होतो. चाक आल्यावर जोडावरचा ताण किती बदलतो, ते काढतात. आयएस 800:2007 नुसार 50 लाख फेऱ्यांपर्यंतच्या टप्प्यात हा बदल दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मं नव्हे, आठव्या हिश्श्यावर येतं! शिवाय ट्रकचा प्रत्येक अ‍ॅक्सल डेकला वेगळा हिसका देतो. ओव्हरलोड ट्रक त्या दिवशी पूल पाडत नाही, पण जोडाची वर्षं खातो.