बोटीतून आलेले मास्तर, विमानातून आलेल्या बाई

अमेरिकेच्या युटा राज्यात आज बऱ्याच प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना दोन बाई असतात. अर्धा दिवस मुलं इंग्रजीच्या बाईंकडे बसतात. मग दप्तरं उचलून शेजारच्या वर्गात जातात, तिथल्या बाई त्यांच्याशी फक्त चिनी किंवा फ्रेंच किंवा स्पॅनिश बोलतात. त्याच वेळी तिथली मुलं इकडे येऊन बसतात. २००८ साली राज्याने कायदा करून ही पद्धत सुरू केली तेव्हा ती अगदी नवी म्हणून वाखाणली गेली. पण ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात एकोणिसाव्या शतकात नेमकी हीच अदलाबदल चालत असे. तिथे दुसरी भाषा जर्मन होती.

मला कुतूहल आहे ते त्या दुसऱ्या बाईंचं. इंग्रजीच्या बाई त्याच मुलखातल्या, तिथेच शिकलेल्या. या दुसऱ्या बाई, किंवा त्यांच्या आधीचे मास्तर, कुठून आले? आधी काय करत होते? हा माग काढायला लागलं की शिक्षणखात्याच्या कागदांपेक्षा बंदरं, बोटी, फसलेल्या क्रांत्या आणि व्हिसाचे शिक्केच जास्त भेटतात.

सिनसिनाटीपासूनच सुरुवात करू. १८३० च्या दशकात जर्मन मुलखांतून शेतकरी, कारागीर आणि त्यांच्यातलेच थोडे शिकलेले लोक तिथे येऊन वसले. निवडणुकीत त्यांची मतं मोलाची होती. १८३९ साली ओहायोने कायदा केला, की पालकांनी मागणी केली तर सरकारी शाळेत जर्मन शिकवता येईल. १८४० मध्ये सिनसिनाटीत जर्मन-इंग्रजी शाळा उघडल्या. शिकवायला होते ते बोटीतून आलेलेच लोक. पुढे १८४८ ची क्रांती फसली आणि जर्मनीतून वेगळ्याच घडणीची माणसं आली. राजेशाहीविरुद्ध उभी राहून हरलेले पत्रकार, वकील, शिक्षक. त्यांतल्या पेटर एंगेलमानने १८५१ मध्ये मिलवॉकीत जर्मन-इंग्रजी शाळा काढली. मार्गारेटे शुर्झ या हॅम्बुर्गच्या बाईंनी किंडरगार्टनची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलची व्याख्यानं ऐकली होती. १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला त्यांनी आपल्या मुलीला आणि नात्यातल्या मुलांना जमवून खेळ, गाणी सुरू केली. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन म्हणून त्याचीच नोंद आहे आणि ते जर्मनमध्ये चालत असे. आपल्या गल्लीतलं पोर 'केजी'त जातं तेव्हा त्या दोन अक्षरांत हाच जर्मन शब्द असतो.

या पिढीने एक काम असं केलं, की पुढच्या सगळ्या गोष्टीत मला त्याची आठवण येत राहते. बोटीतून येणाऱ्या मास्तरांवर कायम विसंबता येणार नाही, हे त्यांना कळलं. नुसतं जर्मन येणं पुरत नव्हतं. अमेरिकेत जन्मलेलं, रस्त्यावर इंग्रजीत भांडणारं पोर वर्गात जर्मन बोलेल कसं, ही निराळी विद्या होती. म्हणून १८७० मध्ये त्यांनी शिक्षकांची देशव्यापी संघटना बांधली आणि १८७८ मध्ये मिलवॉकीत अध्यापक विद्यालय काढलं. दोन्ही भाषांत शिकवू शकणारे शिक्षक अमेरिकेच्या भूमीवरच तयार करायचे, हा त्याचा हेतू. ते चाळीस वर्षं चाललं. १९१९ मध्ये ते बंद पडलं.

का, ते सालावरूनच समजतं. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि जर्मन ही शेजाऱ्याची भाषा होती ती रातोरात शत्रूची झाली. सिनसिनाटीने रस्त्यांची जर्मन नावं बदलली. १९१९ मध्ये ओहायोने आठवीच्या खाली जर्मन शिकवायला बंदी केली. नेब्रास्काने त्याच वर्षी आणखी पुढची पायरी गाठली. आठवी उत्तीर्ण होईपर्यंत मुलाला कुठलीही परकी भाषा शिकवायची नाही, सरकारी शाळेत नाही आणि खाजगी शाळेतही नाही.

नेब्रास्कातल्या हॅम्प्टन या खेड्यात लुथरन पंथाची एक शाळा होती. तिथे रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक होते. २५ मे १९२० रोजी सरकारी वकील वर्गात आला तेव्हा मायर एका दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टींच्या पुस्तकातून जर्मन वाचायला शिकवत होते. वकिलासमोर ते थांबले नाहीत. त्यांना २५ डॉलर दंड झाला. दंड भरून मोकळं होणं सोपं होतं, तरी ते अपिलात गेले. राज्याच्या न्यायालयात हरले आणि शेवटी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की असा कायदा राज्यघटनेत बसत नाही, शिकवण्याचा आणि आपल्या मुलाला शिकवून घेण्याचा हक्क माणसाला आहे. आजही अमेरिकी घटनेच्या अभ्यासात हा खटला पहिल्या धड्यांत येतो. मला त्यात एक खेड्यातला मास्तर दिसतो. त्याच्या मंडळीतल्या आईबापांना मुलांनी आजीआजोबांबरोबर प्रार्थना म्हणावी एवढंच हवं होतं.

निकाल लागला, पण प्राथमिक शाळांतलं जर्मन परतलं नाही. मिलवॉकीचं विद्यालय बंद होतं. शिकवणारे दुसऱ्या धंद्यांना लागले होते, काहींनी आडनावंसुद्धा बदलली होती. क्लीव्हलँडमध्ये एमिल द सोझे या फ्रान्समध्ये जन्मलेल्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात हुशार मुलांच्या वर्गांत फ्रेंच चालू ठेवलं. तेवढं एक बेट सोडलं तर तीसेक वर्षं फार काही घडलं नाही.

मग ३ मे १९५२ रोजी देशाचे शिक्षण आयुक्त अर्ल मॅकग्रा यांनी सेंट लुइसमध्ये भाषाशिक्षकांपुढे सांगितलं, की परकी भाषा प्राथमिक शाळेतूनच सुरू व्हायला हवी. याच सेंट लुइसच्या प्राथमिक शाळांत १८६४ पासून वीसेक वर्षं जर्मन शिकवलं गेलं होतं, हे त्या सभागृहात किती जणांना आठवत असेल! मागणी धडाधड वाढली. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला, पुढच्याच वर्षी संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा झाला, आणि त्यातून भाषाशिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांना पैसा मिळाला. १९६० च्या सुमाराला बारा लाखांवर प्राथमिक विद्यार्थी एखादी परकी भाषा शिकत होते. शिक्षक मात्र तेवढे नव्हते. गावात फ्रेंच येणारं जे कोणी सापडेल त्याला शाळेत बोलावलं जाई. नाहीच सापडलं तर टीव्ही होता. बॉस्टनमधून १९५९ पासून 'पार्लों फ्रांसे' हा कार्यक्रम दाखवला जाऊ लागला. त्यातल्या अ‍ॅन स्लॅक मूळच्या फ्रेंच. पडद्यावर त्या आठवड्यातून काही मिनिटं बोलत. उरलेला वेळ वर्गाच्या बाईंचा, आणि त्यांना स्वतःलाच फ्रेंच येत नसे. त्याही मुलांबरोबर पडद्याकडे बघून उच्चार घोटत. मला या बाईंविषयी फार आदर वाटतो. तीस मुलांसमोर आपल्याला न येणारी गोष्ट शिकायला बसणं सोपं नाही. पण मुलाने पडद्यावरच्या बाईंना प्रश्न विचारला तर उत्तर कोण देणार? १९६० चं दशक संपता संपता पैसा आटला आणि बहुतेक ठिकाणचे वर्ग गुपचूप मिटले.

याच दशकात दक्षिणेला मायामीत वेगळंच काही चाललं होतं. १९५९ ला क्यूबात कास्त्रो सत्तेवर आले आणि क्यूबन मध्यमवर्ग फ्लोरिडाकडे निघाला. त्यात शिक्षक पुष्कळ होते. हवाना विद्यापीठाची अध्यापनशास्त्रातली डॉक्टर ही पदवी घेतलेल्या बाई मायामीत येऊन हॉटेलांत खोल्या झाडू लागल्या, कारखान्यांत शिवणयंत्रावर बसू लागल्या. फ्लोरिडाच्या शिक्षकपरवान्याशिवाय त्यांना वर्ग मिळत नव्हता. सप्टेंबर १९६३ मध्ये कोरल वे प्राथमिक शाळेत दोन भाषांचा प्रयोग सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले. आखणी पॉलीन रोहास यांच्याकडे होती. पोर्तो रिकोमध्ये मुलांना इंग्रजी शिकवण्याची पुस्तकं तयार करण्यात त्यांची आधीची वर्षं गेली होती. पहिली ते तिसरीच्या वर्गांत इंग्रजी बोलणारी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं घेतली. सकाळी प्रत्येकाने आपल्या भाषेत शिकायचं, दुपारी तेच दुसऱ्या भाषेत पक्कं करायचं. चित्रकला, गाणी, खेळ मात्र सगळ्यांनी मिळून. स्पॅनिशची बाजू सांभाळायला क्यूबातून आलेल्या शिक्षिका होत्या, त्यांतल्या कित्येक आधी 'मदतनीस' म्हणून लागल्या होत्या. त्याच वर्षी मायामी विद्यापीठाने अशा शिक्षकांसाठी पुनर्प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि तो दहा वर्षं चालला. ज्या बाईंनी हवानात दुसऱ्यांना शिकवायला शिकवलं होतं, त्या पुन्हा बाकावर बसल्या, फ्लोरिडाचा परवाना मिळवायला.

कोरल वे यशस्वी का झालं, याची अनेक कारणं दिली जातात. माझ्या मते पहिलं कारण या बाई. त्यांना भाषा येत होती आणि शिकवण्याचं कसबही होतं. एकाच माणसात या दोन गोष्टी क्वचितच भेटतात. शिवाय पालकांची मनःस्थिती. आज ना उद्या क्यूबाला परत जाऊ, असं त्यांना तेव्हा वाटत होतं. पोराला तिथे गेल्यावर वाचता यायला हवं. परत जाणं झालं नाही, पण शाळा दोन भाषांतच राहिली, ती आजवर.

कोरल वेला शिक्षक आपल्या पायांनी चालत आले. लुइझियानाने ते मागून आणले. तिथे फ्रेंच ही मुळातच घरची भाषा, अठराव्या शतकापासूनची. पण १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवलं आणि अंगणात फ्रेंच शब्द बोलला म्हणून मुलांना गुडघ्यांवर बसवलं गेलं, शेकडो वेळा तीच ओळ लिहायला लावली गेली. ती मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणं सोडलं. १९६८ मध्ये लाफायेटचे वकील आणि माजी खासदार जेम्स डोमँजो यांनी राज्याकडून फ्रेंच वाचवण्यासाठी एक संस्था उभी करून घेतली. मग शिक्षकांसाठी ते थेट फ्रान्सकडे गेले. फ्रान्समधल्या तरुणांना तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती, तिच्याऐवजी परदेशात शिकवायची सोय होती. असे तरुण विमानाने येऊन लुइझियानाच्या खेड्यांत शिकवू लागले. पुढे बेल्जियम आणि क्वेबेकहूनही शिक्षक आले.

इथे एक गोष्ट चुकली. ती सांगताना मला आजही वाईट वाटतं. कोळंबीला लुइझियानाच्या घरात 'शेव्रेट' म्हणतात. पॅरिसहून आलेल्या शिक्षकाला तो शब्द म्हणजे शेळीचं पिल्लू, त्याच्याकडे कोळंबी म्हणजे 'क्रेव्हेट'. मोटारीला आजी 'शार' म्हणे, शाळा 'व्वात्यूर' म्हणे. मूल शाळेतून आलेला शब्द घेऊन आजीकडे जाई, आणि आपलं फ्रेंच चुकीचं असं आजीला आयुष्यात दुसऱ्यांदा कळे. पहिल्यांदा ते इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलं होतं. फ्रेंच रोज बोलणारी हजारो माणसं त्या खेड्यांत होती, पण शिक्षक म्हणून त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, आणि पुष्कळांना ती भाषा लिहिता येत नव्हती, कारण शाळेनेच ती लिहू दिली नव्हती. मायामीत विद्यापीठाने दहा वर्षं खर्चून जे केलं, तसं काही इथे या आजीआजोबांसाठी झालं असतं तर! दोष त्या फ्रेंच पोरांचा नाही. त्यांना जे शिकवता येत होतं ते त्यांनी शिकवलं आणि त्यांच्यामुळे वर्ग उघडे राहिले, हेही खरं.

नंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. १९९७ मध्ये देशातल्या ३१ टक्के प्राथमिक शाळांत परकी भाषा होती, २००८ पर्यंत ते प्रमाण २५ टक्क्यांवर घसरलं. त्याच २००८ मध्ये युटाने उलटी वाट धरली. राज्यपाल जॉन हंट्समन यांना स्वतःला चिनी येत होतं. मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक म्हणून ते तरुणपणी तैवानला राहिले होते. युटात असे तरुण घरोघरी आहेत. ते दोन वर्षं ब्राझीलला, तैवानला, फ्रान्सला दारोदार हिंडून भाषा शिकून परततात, आणि त्यांतले काही शाळेत शिकवतात. उरलेली जागा पाहुण्या शिक्षकांनी भरली, चीन, स्पेन, फ्रान्समधून विमानाने आलेल्या. त्यांचा व्हिसा तीन वर्षांचा, फार तर पाच. पहिलीत भेटलेल्या बाई मूल सहावीत जाईपर्यंत बहुधा गेलेल्या असतात. राष्ट्राध्यक्षांच्या २२ जून २०२० च्या आदेशाने या व्हिसावर नवे शिक्षक येणंच काही महिने थांबवलं.

या सगळ्यांच्या शेजारी, शाळाखात्याच्या कुठल्याच आकड्यात न येणारा एक वर्ग रविवारी सकाळी भरतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा. तिथल्या ताई आणि काका सोमवार ते शुक्रवार संगणकाचं काम करतात, कोणी दवाखान्यात असतं. अध्यापनाची पदवी सहसा कोणाकडे नसते. 'ळ' म्हणताना जीभ कुठे लावायची हे इंग्रजीत वाढलेल्या मुलाला कसं सांगायचं, ते हे लोक एकमेकांना विचारून शिकतात. जर्मनच्या मास्तरांना १८७० मध्ये पडलेला प्रश्न आज त्यांच्यापुढे तसाच आहे.

लुइझियानात आता फ्रेंच माध्यमाचे वर्ग आहेत, आणि त्यांतून शिकून मोठी झालेली एक पिढी आहे. या पिढीतल्या काही जणांना शिक्षक व्हायचं असतं. त्यांच्यासाठी राज्याने फ्रान्सशी मिळून एक सोय केली आहे. ही मुलं वर्षभर ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरी जाऊन राहतात, तिथल्या विद्यापीठात शिकतात, आणि परत येऊन आपल्याच मुलखातल्या प्राथमिक शाळेत उभी राहतात. वर्गातलं मूल आजीच्या घरचा 'शेव्रेट' घेऊन आलं, तर या बाईंना तो ओळखीचा असतो.