कोमट पाण्याचा इतिहास

नरकचतुर्दशीची पहाट. लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये मुलीच्या घरी आम्ही सात माणसे उटणे लावून न्हाणीघराबाहेर खोळंबलो होतो. पहिला मान नातवाचा. तो दोनच मिनिटांत ओरडत बाहेर आला. पाणी आधी कढत आले, मग गार, मग पुन्हा कढत. जावयांनी नळ अर्ध्यावर आणून पाहिला, तेव्हा धार बारीक झाली आणि पाणी जरा बरे यायला लागले. अशा बारीक धारेखाली सात जणांचे अभ्यंगस्नान उरकेपर्यंत उजाडले. नवलाची गोष्ट म्हणजे घरातले सगळे रेडिएटर मात्र चटका बसेल इतके तापलेले होते. ‘आपला बंब बरा होता,’ ही म्हणाली आणि फराळाच्या तयारीला लागली.

इंग्लंडमधल्या बहुतेक घरांप्रमाणे याही घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. तिला कॉम्बी बॉयलर म्हणतात. घर ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये गरम पाणी खेळवणे आणि नळ सोडताक्षणी आंघोळीचे पाणी तापवून देणे, अशी दोन कामे ती एकटी करते. तिच्यात पाण्याचा साठा नसतो. दुसऱ्या दिवशी आलेल्या कारागिराने पेटीला हात न लावता आधी तीन गोष्टी पाहिल्या. गरम पाण्याचा नळ सोडल्यावर आत ज्योत पेटते का? रेडिएटर नीट तापतात का? आणि नुसते नळाचे पाणी चालू असताना रेडिएटरकडे जाणारी नळी तापते का? तीन उत्तरे मिळताच तो म्हणाला, कुठला भाग बदलायचा ते कळले. मला त्या तीन प्रश्नांनी पछाडले. पुढे जे वाचत गेलो त्यातून माझी समजूत अशी झाली की, या पेटीतला जवळजवळ प्रत्येक बिघाड हा एखाद्या जुन्या निर्णयाचा वारसा आहे.

सुरुवात बंबापासूनच करायला हवी. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप; आपल्याकडे आग विझवणारी गाडीही बंबच आणि पाणी तापवणारे तांब्याचे भांडेही बंबच. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी, बाजूला तोटी. चिपाडे, ढलप्या, कोळसे, जे हाताशी असेल ते त्यात जाई. बंब बिघडला हे कुणाला विचारावे लागत नसे. जाळ विझला तर दिसे, तोटी गळली तर फरशी ओली होई, धूर कोंडला तर डोळे चुरचुरत. या धुरामुळेच बंब अंगणात, पडवीत किंवा न्हाणीघराच्या दाराबाहेर असे. ही जागा फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

साठा न करता, वाहते पाणी वाहता वाहताच तापवायचे, ही कल्पना लंडनची. रंगकाम-सजावटीचा व्यवसाय करणाऱ्या बेंजामिन वॉडी मॉगन याने १८६८ साली गॅसवर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. वरून गार पाणी नळ्यांतून खाली येई, खाली गॅसचा जाळ, आणि कढत पाणी थेट टबात. नाव ठेवले ‘गीझर’, आइसलँडमधल्या उसळत्या गरम झऱ्यांवरून. आपण आज विजेच्या टाकीलाही गिझर म्हणतो, तो शब्द मुळात या बिनटाकीच्या यंत्राचा.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन १८४६ साली आइसलँडला गेला होता आणि तिथले झरे ठरावीक काळाने का उसळतात याचा त्याने अभ्यास केला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी पाहिलेला, हवा मिसळून निळी ज्योत देणारा बर्नर त्याच्याच हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास तयार झाला. गॅस गिझरमधली निळी ज्योत त्याच तत्त्वावर जळते. म्हणजे या यंत्राच्या नावाशी आणि त्यातल्या जाळाशी, दोन्हींशी एकाच माणसाचा संबंध आला, आणि तोही न्हाणीघराचा विचार मनात नसताना.

मॉगनच्या यंत्राला धुराडे नव्हते. गॅसचा धूर दिसत नाही, डोळ्यांना झोंबत नाही. मग धुराडे कशाला? पण बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, जळण अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. बंबाचा धूर निदान माणसाला घालवून देत असे. पुढे १८९४ साली जर्मनीतल्या रेमशाइडच्या योहान वेलांट यांनी ‘बंद पद्धती’च्या गिझरचे पेटंट घेतले. त्यात जळालेले वायू पाण्याच्या संपर्कात येत नसत, त्यामुळे पाणी स्वच्छ राही. त्याच सुमारास डेसाऊला ह्यूगो युंकर्स यांनी गॅस गिझरचा कारखाना काढला. हेच पुढे संपूर्ण धातूच्या विमानासाठी प्रसिद्ध झालेले युंकर्स.

पण कारागिराच्या पहिल्या प्रश्नाचे मूळ याच पिढीच्या गिझरांत आहे. नळ सोडल्यावर ज्योत आपोआप पेटावी आणि बंद केल्यावर विझावी, यासाठी पाण्याच्या वाटेवर एक पातळ पडदा बसवला गेला. पाणी वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडे, पडदा उचलला जाई आणि गॅसची झडप उघडे. मोठी हुशारीची योजना! पण तिचा अर्थ असा, की धार पुरेशी जोरकस नसेल तर जाळ पेटणारच नाही. आजच्या कॉम्बीत पडद्याऐवजी बहुधा एक चिमुकले चाक फिरते आणि त्याच्या वेगावरून यंत्राला प्रवाह कळतो; तरी मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरच्या खाली बहुतेक पेट्या पेटत नाहीत. नळ सोडूनही बॉयलर ढिम्म, तर आधी गार पाण्याची धार पाहावी, नळाच्या तोंडाची किंवा आत येणाऱ्या पाण्याची जाळी तुंबली आहे का ते पाहावे, पेटीवरचा दाबाचा काटा एकच्या खाली तर गेला नाही ना ते पाहावे. प्रवाह ओळखणारा भाग निकामी झाल्याचा संशय त्यानंतर.

दुसरा निर्णय घरांच्या रचनेचा. इंग्रजी घरात पूर्वी माळ्यावर गार पाण्याची टाकी आणि कपाटात तांब्याचे उंच पिंप असे. पिंपातले पाणी संपले की पुन्हा तापेपर्यंत थांबा. लहान फ्लॅटना ही जागा परवडेना. वेलांटने १९६१ साली भिंतीवर टांगता येणारा, घर तापवणारा बॉयलर आणला आणि त्याच दशकात दोन्ही कामे एका पेटीत आली. ब्रिटनमध्ये १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघर जाऊन सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या चुली, शेगड्या, गिझर नव्या वायूसाठी बदलण्यात आले, आणि घरभर गॅसवर ऊब घेणे ही सामान्य गोष्ट झाली.

एका जाळावर दोन कामे करायची तर कुठले आधी, हे ठरवणारा कुणीतरी हवा. ते काम एका झडपेकडे आले. नळ सुटला की ती तापलेले पाणी रेडिएटरकडून वळवून आंघोळीच्या पाण्याकडे पाठवते. वर्षानुवर्षे इकडून तिकडे सरकून ती मध्येच अडकते. मग उन्हाळ्यात आंघोळीला बसावे तर रेडिएटर तापू लागतात आणि पाणी कोमट येते. किंवा घरातली ऊब चालू असली तरच नळाला गरम पाणी येते. कारागिराने तिसरा प्रश्न विचारला तो यासाठी. आमच्याकडे ती नळी गार होती. झडप निर्दोष सुटली.

उरला चुन्याचा दोष, आणि तो माणसाच्या निर्णयापेक्षा कितीतरी जुना आहे. लंडनभोवतीचा प्रदेश खडूच्या खडकाचा. त्यातून मुरून आलेले पाणी म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन’ पाणी. किटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे धरणारे. कॉम्बीत पुस्तकाच्या आकाराचा पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा असतो. एकाआड एक फटींतून बॉयलरचे तापलेले पाणी आणि नळाचे गार पाणी वाहते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पत्र्यातून फक्त उष्णता जाते. पाणी जितके जास्त तापवावे तितका या फटींत चुना झपाट्याने धरतो. मग उष्णता पलीकडे जात नाही, बॉयलरच्या बाजूचे पाणी भलतेच तापते, यंत्र स्वतःला सांभाळण्यासाठी ज्योत विझवते, थोडे निवले की पुन्हा पेटते. नातवाला आधी कढत, मग गार, मग कढत पाणी मिळाले ते असे. रेडिएटर ठीक आणि नळ लहरी, तर संशय या गठ्ठ्यावर. त्याने तो बदलला आणि पाण्याचे तापमान पन्नासच्या आसपास ठेवायला सांगितले.

एक गोष्ट मात्र बिघाड नसते आणि बिघाड समजली जाते. २४ किलोवॉटची पेटी १० अंशांचे पाणी ४५ अंशांवर नेताना मिनिटाला जेमतेम १० लिटर देऊ शकते. तीच पेटी पुण्यात २५ अंशांचे पाणी तापवती तर १७ लिटर देती. हिवाळ्यात विलायतेत धार बारीक करावी लागते ती यंत्राच्या नव्हे, गणिताच्या दोषाने. आणि वर न्हाणीघरात कुणी असताना खाली भांडी घासायला घेतली की ते १० लिटरही वाटले जातात.

सर्वांत ताजा निर्णय २००५ चा. त्या एप्रिलपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर, मोजके अपवाद सोडता, धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णताही वापरणारा असावा असा नियम झाला. गॅस वाचला. पण ते पाणी घराबाहेर सोडायला एक प्लॅस्टिकची बारीक नळी आली. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमध्ये १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर. त्यात या नळ्या गोठल्या, पाणी मागे तुंबले, आणि ऐन कडाक्यात असंख्य घरांतले बॉयलर गुरगुर आवाज करून बंद पडले. उपाय साधा: बाहेरच्या नळीवर कोमट पाणी ओतायचे किंवा गरम पाण्याची पिशवी धरायची, आणि पेटी पुन्हा चालू करायची. उकळते पाणी ओतले तर नळी तडकते. एवढे मात्र घरच्या माणसाने करावे. पेटीचे झाकण काढून गॅसला हात लावण्याचा अधिकार तिथे फक्त नोंदणी झालेल्या कारागिराला आहे.

मॉगनच्या उणिवेचे काय झाले, तेही त्या पेटीवरच दिसते. आजची पेटी एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून बाहेरची हवा घेते आणि जळालेले वायू बाहेर सोडते. घरातल्या हवेशी तिचा संबंध नाही. १९९८ च्या ब्रिटिश नियमांनी न्हाणीघरात याखेरीज दुसऱ्या प्रकारचे गॅसचे यंत्र बसवायला मनाई केली आहे.

डिसेंबरात पुण्याला परतलो. आमच्या न्हाणीघरात सिलिंडरवर चालणारा छोटा गॅस गिझर दहा वर्षे टांगलेला आहे. त्याच्या डोक्यावर दोन-चार फटी आहेत. बाहेर जाणारी नळी नाही. थंडीत वारा येतो म्हणून खिडकीच्या काचांच्या पट्ट्यांवर मीच पुठ्ठा चिकटवला होता. दार लावून, पुठ्ठा लावून, आम्ही दोघे आणि सुट्टीला येणारी नातवंडे १८६८ च्या त्या यंत्राखाली आंघोळ करत होतो. न्हाणीघरात गॅस गिझरने गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या थंडीत दरवर्षी छापून येतात. त्या मी वाचल्या होत्या आणि पान उलटले होते.

पुठ्ठा त्याच दिवशी काढला. चार दिवसांनी प्लंबर आला आणि त्याने गिझर मागच्या उघड्या गॅलरीत हलवला, वाड्यात बंब असे तसाच दाराबाहेर. नळी दहा-बारा फूट लांबली, त्यामुळे आता आधी अर्धी बादली गार पाणी येते. ते ही तुळशीला घालते.