गणिताने आधी पाहिलेला पदार्थ

पोलाद घ्या, काच घ्या, की चिनी माती घ्या. माणसाने पदार्थ आधी भट्टीत घडविले आणि त्यांचे शास्त्र मागाहून लिहिले. हा क्रम उलटविता येईल काय? विसाव्या शतकात या प्रश्नाने जोर धरला. त्यातील एकच कथा आम्ही येथे सांगतो, कारण तीत गणिताचे सामर्थ्य दिसते आणि त्याची मर्यादाही.

खरी अडचण इलेक्ट्रॉनांची. लहानशा खड्यातही ते अगणित, आणि प्रत्येकाचा इतर सर्वांशी संबंध. एवढा हिशेब गणकयंत्रालाही झेपेना. १९६४ साली होहेनबर्ग व कोन यांनी सिद्ध केले की एकेका इलेक्ट्रॉनाच्या पाठीस लागण्याचे कारण नाही. त्यांची दाटी कोठे किती आहे, एवढे कळले तरी पुरे. पुढच्याच वर्षी कोन व शॅम यांनी त्यातून हिशेबाची रीत बसविली.

त्याच रीतीने १९८९ साली बर्कली येथे एमी लिउ व मार्विन कोहेन यांनी एक धाडसी गणित केले. सिलिकॉन नायट्राइड हा पदार्थ ठाऊक होता. त्यातील सिलिकॉनच्या जागी कार्बन बसविला तर? कार्बन व नायट्रोजन यांचा बंध आखूड आणि बळकट. उत्तर आले : हा पदार्थ दाबास जवळजवळ हिऱ्याइतका दाद देणार नाही. (दाबास न दबणे आणि ओरखडा न उठणे या गोष्टी एक नव्हेत, वृत्तपत्रांनी मात्र त्या एकच मानल्या!)

मग जगभर खटाटोप सुरू झाला. परंतु तापविताच नायट्रोजन वायुरूपाने निसटू पाहतो. हाती येई ते बहुधा विस्कळीत रचनेचे पातळ थर. पदार्थ असू शकतो असे गणिताने सांगितले होते, तो करावा कसा हे सांगितले नव्हते. या दोहोंतील अंतर कापण्यास चौतीस वर्षे लागली.

२०२३ साली एडिंबरा, बायरॉइट व लिन्शोपिंग येथील शास्त्रज्ञांनी कार्बन व नायट्रोजन हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये चेपले. दाब वातावरणाच्या सुमारे दहा लाख पट, उष्णता १५०० अंशांहून अधिक. तेव्हा प्रत्येक कार्बनाभोवती चार नायट्रोजन असलेली संयुगे मिळाली आणि दाब काढल्यावरही ती टिकली. त्यांची मांडणी तंतोतंत १९८९ची नव्हे. बांधणीचा गाभा मात्र तोच. जे हाती आले ते नुसत्या डोळ्यांस दिसेल न दिसेल एवढे होते.